पिठलं खाणारी मांजर

सासूबाई गेल्या आणि सासरे वाळायला लागले. सदरा अंगावर लोंबायला लागला, गालफडं आत गेली. वाशीमला नेऊन रक्त, साखर, छातीचा फोटो, सगळं तपासून आणलं. कशातच काही निघालं नाही. मला तर कोडंच पडलं होतं, कारण जेवण त्यांचं झकास चाललेलं. मालेगावच्या आमच्या घरात ते पुढच्या खोलीत पलंगावर बसून, टीव्ही बघत जेवायचे आणि मी आत भाकरी थापत असायची. ताट परत यायचं ते एकदम चाटूनपुसून. दोन भाकरी, वाटीभर पिठलं, कण उरायचा नाही. आल्यागेल्याला मी कौतुकानं सांगायची, "मामाजी अजूनबी दोन भाकरी खातात."

अशात आमची मांजर आजारी पडली. एका सकाळी ती अंगणात ओकली आणि ओकतच राहिली. मी खराटा घेऊन गेले तर खाली पिवळंधमक पिठलं, त्यात कांद्याच्या फोडी. तिला टोपलीत घातलं, वर ओढणी बांधली आणि गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिथं म्हशी आणि बकऱ्यांच्या गर्दीत आम्ही दोघीच अशा, की लोक वळून वळून हसत होते.

काय पडलं ते मी सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले, "ताई, हे त मानसाचं जेवन झालं. कांदा-लसून मांजराले चालतच नाई, रक्तावर जाते. तिखट-मीठबी नको."

"आमच्या घरी तिले दुधाबिगर कोनी काई देत नाई," मी ठसक्यात म्हणाले.

"मंग ते चोरून खाऊन राह्यली. लक्ष ठेवा. सुस्त पडली, हिरड्या पांढऱ्या दिसल्या, त लगेच आना."

इंजेक्शननं मांजर दोन दिवसांत सावरली. चोर पकडायचाच म्हणून मी त्या दिवशी सासऱ्यांना ताट वाढलं आणि उलथणं हातात तसंच धरून दाराआड उभी राहिले.

मांजर पलंगाखाली मुकाट बसली होती. सासऱ्यांनी भाकरीचा तुकडा तोंडात घातला, या गालातून त्या गालात फिरवला, मग हळूच काढून खाली ठेवला. मागोमाग पिठल्याचं बोट.

"मामाजी! हे काय करून राह्यले तुमी?"

ते दचकले. बोट सदऱ्याला पुसलं. मग म्हणाले, "चावत नाई मले. दाढा हालतात. नुसतं पिठलं किती खाव? अन ताटात अन्न टाकनं माह्याच्यानं होत नाई."

"मंग मले सांगाचं ना!"

"तू सकायपासून राबते. तुले अजून काय सांगाव? तुही सासू न सांगताच कुस्करून देये."

मला आधी रागच आला, त्यांचा आणि त्याहून जास्त माझा. घरातलं माणूस अर्धपोटी राहत होतं आणि मी गावभर त्यांच्या भाकऱ्या मिरवत होते. मांजरीला अंगणात हाकललं, दार लावलं. गरम भाकरी दुधात कुस्करली, गूळ घातला आणि वाटी देऊन त्यांच्याजवळच बसले. ते सावकाश, मान खाली घालून जेवले. वाटी रिकामी झाली.

ती त्यांनी माझ्याकडं न बघताच पुढं केली. "आनखी हाय काय वं थोडं?"

सासूबाई गेल्यापासून त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. "हाय ना," म्हणत मी आत गेले आणि भाकरी कुस्करता कुस्करता पोटभर रडले.