पाठककाकांचा कोड आणि फुकटची लायब्ररी

“दोनों कू कंपेअर करो मॅडम, हौर एकीच पेज में लिखो. क्लायंटकू इत्ता पढने का टैम किधर है?” असं म्हणून रेड्डी सरांनी माझ्या टेबलावर एक सीडी सरकवली.

सीडीवर इंटरनेटवरून उतरवलेल्या दोन ओपन सोर्स लायब्रऱ्या होत्या. लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला, आपल्या प्रोग्रॅमला जोडता येणारा तयार कोड. ओपन सोर्स म्हणजे तो कुणीही वापरावा, बदलावा. एक लायब्ररी मोठ्या आकड्यांच्या गणिताची होती, दुसरी शेअरच्या भावांची. आमची छोटी कंपनी बशीरबागच्या एका ब्रोकरसाठी सॉफ्टवेअर करत होती, त्यात ही दोन्ही कामं होती.

पण ती कामं करणारा कोड आमच्याकडे आधीपासून होता, आणि तुलना त्याच्याशीच करायची होती. तो पाठककाकांनी एकट्याने लिहिला होता, आणि ते माझ्या शेजारच्याच टेबलावर बसत. उदारीकरणानंतर शहरात कंप्युटर कंपन्यांचं पीक आलं, तेव्हा तारनाक्याची रेल्वेतली पक्की नोकरी सोडून ते इथे आले. काकूंनी त्याबद्दल त्यांना कधीच माफ केलं नाही. आता फुकटचा कोड चालला तर काकांची गरज संपणार, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला पोरांच्या त्या गर्दीत कोण घेणार होतं?

“काका, निकाल मलाच लावायला सांगितलाय,” मी म्हणाले.

“हौ, मग नीट लाव. माझं तोंड बघून आकडे फिरवू नको. मला नाही चालायचं.”

काकांचा कोड त्यांच्याच मशीनवर होता, म्हणून तिथेच बसून आधी गणित तपासलं. कंप्युटर अपूर्णांक अंदाजाने साठवतो. लाखो शेअर आणि त्यांचे रुपये-पैसे असे गुणाकार होत गेले की शेवटचे पैसे चुकतात. त्यासाठी एकही अंक न सोडणारा कोड लागतो. दोन्ही कोड शेवटच्या अंकापर्यंत बरोबर निघाले. पण फुकटची लायब्ररी कितीतरी वेगवान होती. काकांचा कोड धापा टाकत पोचेपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. काका माझ्या मागे उभे राहून बघत होते. “बढिया लिहिलंय ग पोरांनी,” एवढंच म्हणाले.

भावांच्या लायब्ररीत मात्र खोट सापडली. आपल्याकडे कंपनी एकास एक बोनस देते, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट. बोनस लागू झाला की भाव निम्मा होतो, पण नुकसान कुणाचंच होत नाही. अशा वेळी जुने भावही निम्मे करून घ्यावे लागतात, नाहीतर शेअर कोसळला असं दिसतं. परदेशात लिहिलेल्या त्या लायब्ररीला आपला बोनस माहीतच नव्हता. काकांच्या कोडमध्ये तो भाग चोख होता.

मी एका पानात सगळं मांडलं आणि शेवटी लिहिलं, बोनसचा भाग पाठकांच्या कोडमधून घ्यावा, आणि तो जोडायला पाठकांना ठेवावं.

रेड्डी सरांनी पाठकांना ठेवण्याची शेवटची ओळ पेनाने खोडली. “कोड तो अपना है ना मॅडम. आदमी गया तो कोड किधर जाता?”

महिनाअखेरीस काकांना कामावरून कमी केल्याचा निरोप मिळाला. दुपारी ते डबा पिशवीत घालून निघाले. मी जिन्यापर्यंत गेले. “चेहरा असा करू नको,” ते म्हणाले, “निकाल बरोबर होता.” मला रडू आलं. त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

आमच्याकडे एक पद्धत होती. माणूस गेला की त्याच संध्याकाळी त्याचं मशीन फॉरमॅट करायचं, म्हणजे सगळं पुसून नव्या ट्रेनीसाठी तयार ठेवायचं. सिस्टिमवाल्याने नेहमीप्रमाणे ते केलं. आतला कोड कुठे उतरवून घेतलाय का, हे त्याने विचारलं नाही, आणि त्याला कुणी सांगितलंही नाही. मी बोनसचा भाग जोडायला बसले, तेव्हा ते उघड झालं. शोधाशोध करून एक फ्लॉपी मिळाली, पण तिच्यावरची कॉपी बोनसचा भाग लिहिण्याआधीची होती.

रेड्डी सरांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “जरा फोन लगाओ ना मॅडम उनकू.”

मी लावला. काकांनीच उचलला.

“काका, बोनसच्या कोडची कॉपी आहे का तुमच्याकडे?”

“नाही ग. कंपनीचा माल घरी कसा नेणार? नेला असता तर चोर म्हणाले असते.”

“पुन्हा लिहून द्याल? सर पैसे देतो म्हणतायत.”

ते म्हणाले, “मशीनसमोर आता बसवतच नाही.”

मी फोन ठेवला. रेड्डी सरांना सांगितलं.

बोनसचा भाग मीच चाचपडत लिहायला घेतला. तो पुरा होण्याआधीच, फुकटच्या लायब्ररीवर चालू करून दिलेल्या ब्रोकरच्या स्क्रीनवर बोनस मिळालेला एक चांगला शेअर कोसळलेला दिसला, आणि त्यांच्या माणसाने घाबरून गिऱ्हाइकाचे शेअर विकून टाकले. ब्रोकरने आमच्याकडचं काम काढून घेतलं. काका पुन्हा कुठे नोकरीला लागले नाहीत.

पुढे मी स्वतः टीम सांभाळू लागले. कुणी सोडून चाललं की त्याचं मशीन मी आधी कपाटात ठेवून कुलूप लावते. माणूस ठेवून घेणं बहुतेक वेळा माझ्या हातात नसतं.