शकुबाईचा रेडिओ आणि राखाडी विमान

कामशेत सोडून नाणे मावळात आत शिरलं, की डोंगराच्या खांद्यावर एक पठार लागतं. वर झाड नाही, झोपडी नाही, नुसतं गवत. दसऱ्याच्या सुमारास ते कमरेला लागतं, आणि वारा त्याला कधी या कुशीवर, कधी त्या कुशीवर वळवतो. असं गवत दुसरीकडे बघायला मिळत नाही.

शकुबाई त्या पठारावर शेरडं चारते. साठी उलटली आहे, पण चढण चढताना ती थांबत नाही. गळ्यात पट्ट्यानं अडकवलेला रेडिओ असतो. तो गाण्यांसाठी नाही. काटा डाव्या टोकाला नेऊन ठेवलेला, जिथं कुठलंच केंद्र लागत नाही. तिथं रेडिओचा नुसता श्वास ऐकू येतो. वीज अजून दोन डोंगर पलीकडे असली, तरी त्या श्वासात तडतड सुरू होते, तव्यावर लाह्या फुटाव्यात तशी.

तिची भावजय चंपा याच पठारावर विजेनं गेली. त्या दिवशी चंपाच्या रेडिओवरचं गाणं आधीपासून तुटत होतं. सेल उतरले असतील, असं सगळ्यांना वाटलं. त्यानंतर शकुबाईनं तो रेडिओ स्वतःच्या गळ्यात घातला. तडतड झाली की ती तेलाचा रिकामा डबा दगडानं भराभर बडवते, आणि पठारावरची माणसं हातातलं काम टाकून खाली उतरतात. का म्हणून कुणी विचारत नाही. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

मग धोंडिबाच्या इर्जिकीचा दिवस आला. इर्जिक म्हणजे मजुरी न घेता गावानं एकाचं काम एका दिवसात उरकायचं, आणि घरधन्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. एका हंगामात एका घराची इर्जिक एकदाच होते. धोंडिबाचा गवताचा पट्टा सगळ्यांत मोठा. सकाळपासून विळे चालले होते, खाली अंगणात मटण शिजत होतं.

दुपार कलली तेव्हा शकुबाईच्या रेडिओत आवाज आला. तडतड नव्हती. जड, सलग घरघर होती, लांबच्या गिरणीसारखी. तिनं काटा हलवला, घरघर हलली नाही. तिनं डबा बडवला.

माणसं उतरली. खाली येऊन बघतात तर आभाळ निवळ. मग पवनेच्या अंगानं एक विमान आलं. राखाडी, पोट सुटलेलं, चार पंख्यांचं, आणि इतकं खाली की डोंगराची सावली त्याच्या पोटावर पडावी. त्याच्यामागं एक बारीक दोरी लोंबत होती, नजर पोचेल तिथवर लांब. ते कलून संथपणे घिरट्या घालत राहिलं आणि घाटाकडे निघून गेलं. कुणी म्हणालं औषध फवारतंय, कुणी म्हणालं नव्या रस्त्याची मोजणी. तोवर उन्हं उतरली होती. लोक जेवले, हात धुऊन घरी गेले. धोंडिबाचं अर्धं गवत उभंच राहिलं, आणि इर्जिक संपली.

दुसऱ्या दिवशी धोंडिबा चावडीपाशी सगळ्यांदेखत म्हणाला, “शकुबाई, आता कावळा उडाला तरी डबा वाजीव. आमी हायेच उतराया.”

लोक हसले. शकुबाई हसली नाही, रागावलीही नाही. “आवाज वळखीचा न्हवता, धोंडीभाऊ. म्हून तर वाजिवला,” एवढंच म्हणाली.

पण त्याच आठवड्यात खरी तडतड झाली, डबा वाजला, आणि निम्मी माणसं गवत कापतच राहिली. वीज त्या दिवशी दुसरीकडे गेली. शकुबाई घरी आली ती जेवली नाही. आपल्या डब्यावर माणूस हलेनासा झाला, तर चंपासारखं कुणीतरी पुन्हा जाणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

नात पायल लोणावळ्याला हॉटेलात कामाला आहे. तिनं आजीला तिथल्या अमृतरावांकडे नेलं. ते नौदलात रेडिओवर होते, आता निवृत्त. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. काही विमानं अशी लांब तार सोडून फार खालच्या पट्टीत बोलतात, ते बोलणं पाण्याखालच्या पाणबुडीपर्यंतही पोचतं, असं त्यांनी सांगितलं. हे विमान त्यातलं की नाही, ते मात्र त्यांना सांगता येईना.

“तुमचा रेडिओ त्या पट्टीचा नाही, मावशी. पण डोक्यावर एवढा दांडगा आवाज असला की तो याच्यातही घुसतो. आणि तो घुसला, की मागची बारीक तडतड दबून जाते.”

“म्हंजे इमान हाय तवर माजा कान बंद?”

“हो. तेवढा वेळ तुम्हाला वीज ऐकू येणार नाही.”

लोकलनं परत येताना ती कामशेत येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर जाऊन सांगू लागली. भराभर डबा वाजला तर वीज आहे, उतरा. सावकाश, थांबून थांबून वाजला तर मला काही ऐकू येत नाही, आपलं आपण आभाळ बघा. धोंडिबाच्या ओट्यावरही गेली.

“म्हंजे तुला कळत न्हाई, हे कळवाया डबा?” धोंडिबानं विचारलं.

“व्हय. तेवढंच कळतंय तवा.”

धोंडिबा तंबाखू मळायला लागला.

दिवाळीच्या आधी विमान पुन्हा आलं. पठारावर जो तो आपल्या पट्ट्यात वाकलेला होता. धोंडिबाही सुनेला घेऊन उरलेलं गवत कापत होता. लोहगडाच्या अंगाला ढग जमले होते, पण असे ढग रोजच जमत. रेडिओत घरघर भरली. शकुबाईनं दगड उचलला आणि डबा वाजवला. एक ठोका. मग थांबून दुसरा. मग तिसरा.

माणसं एकेक करून ताठ झाली. विमानाकडे फार कुणी बघितलं नाही. धोंडिबा कपाळावर हात धरून बराच वेळ ढगांकडे बघत उभा राहिला. मग सुनेला म्हणाला, “बांध पेंढ्या.”

तो निघाला तशी बाकीचीही निघाली. सगळ्यांच्या मागून शकुबाई शेरडं घेऊन उतरली. त्या दिवशी पठारावर वीज पडली का, हे गावात कुणालाच सांगता येत नाही. बघायला वर कुणी नव्हतं.