शेपूची षष्ठी
परवा मंडईत शेपूचा वास आला आणि ऐंशीच्या दशकातलं आमचं मुलुंडचं स्वयंपाकघर आठवलं. दादा पोलंडला शिकायला गेला, तो हान्कावहिनीला घेऊनच परतला. आई तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची.

त्या सकाळी आई शेपू निवडत होती. वहिनीने एक काडी हुंगली. "कोपेर! आमच्याकडे पण आहे."

"आणि शेपू नाही, हे कसं म्हणायचं?" मी विचारलं.

"न्ये मा कोप्रू." नाही म्हटलं की त्यांच्याकडे त्या वस्तूला षष्ठी विभक्ती, म्हणजे आपलं चा-ची-चे, लागते आणि कोपेरचं कोप्रू होतं, असं तिने मोडक्या मराठीत समजावलं.

"जे नाहीच, त्याला कसली गं षष्ठी?" आईने मलाच विचारलं.

तेवढ्यात गावाहून परतलेल्या शेजारच्या काकू दारात आल्या. "ही कोण गं?"

वहिनी धडपडत उभी राहिली. "मी आईचा सून."

काकू खळखळून हसल्या. वहिनीचा चेहरा पडला. आई मात्र हसली नाही.

"चा नाही गं, ची," ती वहिनीकडे बघत म्हणाली. "आईची सून. म्हण बघू."

"आईची सून."

तेव्हा मला वाटलं, आई व्याकरण शिकवतेय. आता कळतं, ते शब्द आईच्याही तोंडून पहिल्यांदाच निघाले होते.