आप्पांच्या दोरीतला टाका

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, दोन घोट पोटात गेल्यावर माझ्याकडून सगळं काढून घेणारा एक मित्र आहे, त्यालाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही वडगावात राहत नाही म्हणून. तुम्ही आमच्या आप्पांना ओळखत नाही म्हणून. एवढंच कारण आहे, उगाच मोठं काही समजू नका.

आप्पा म्हणजे माझे वडील. जन्मभर मागावर बसले. आमच्या गल्लीत कुणाच्याही मागावर ताणा तुटला की हाक आप्पांना. तुटलेला धागा ते असा सांधायचे, की नंतर साडीवर बोट फिरवून शोधा — जागा सापडायची नाही. आणि मी? मी त्यांचा एकुलता एक मुलगा, आणि माझी गाठ बोराएवढी. सगळ्या कामगारांसमोर ते माझी गाठ कात्रीनं उडवायचे आणि म्हणायचे, "ह्येच्या हाताला डोळंच न्हाईत रं." लोक हसायचे. मीही हसायचो — करणार काय? पण हे मी सबब म्हणून सांगत नाही. बाप बोलतोच. बोलणी खाऊन पोरं मोठी होतात, त्यासाठी बापाचं वाटोळं करत नाहीत.

माग विकले आणि मी गोव्याला गेलो. मोरजीच्या किनाऱ्यावर काइटबोर्डिंग शिकवणाऱ्या एका मालकाकडं काम मिळालं. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, वर भलामोठा पतंग, आणि वारा माणसाला पाण्यावरून ओढत नेतो. पतंग आणि माणूस यांच्यामध्ये फक्त चार दोऱ्या — बारीक, विणलेल्या, आतून पोकळ. त्या घासून, अडकून तुटतात. गाठ मारून चालत नाही, कारण ताण आला की दोरी नेमकी गाठीपाशीच तुटते. म्हणून एक टोक दुसऱ्याच्या पोकळीत बारीक तारेनं ओढून घ्यायचं, चांगलं वीतभर. दोरी ताणली की बाहेरची वीण आतल्या टोकाला आवळून धरते. पण दोरी सैल पडली तर तेच टोक हळूहळू निसटू शकतं, म्हणून शेवटी सुईनं आरपार टाके घालायचे. सगळं झाल्यावरचं हे एवढंसं काम. पण ते राहिलं, तर त्या जोडाचा भरवसा नाही.

पावसाळ्यात किनारा बंद असतो. तेव्हा मालक तुटक्या दोऱ्यांचं पोतं माझ्याबरोबर द्यायचा, आणि गोव्याहून कणकुंबीवरून येणाऱ्या बसमध्ये ते मांडीवर घेऊन मी घरी यायचो. आप्पा रिकामे बसून कंटाळलेले. त्यांनी एक दोरी उचलली आणि विणकराची गाठ मारली — इतकी देखणी, की ती मोडताना मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. "आप्पा, हितं गाठ चालत न्हाय," म्हणालो, आणि कात्रीनं उडवली. त्यांना राग आला नाही. "मग दाव की," म्हणाले. मी दाखवलं. थोड्याच दिवसांत ते माझ्या पुढं गेले. मालकाचा फोन आला — वडिलांनी जोडलेल्या दोऱ्यांवर खूण करून पाठव, त्या मी माझ्याच पतंगाला लावणार. मला त्या दिवशी काय वाटलं, सांगू? जगात एकच गोष्ट होती, जी मला येत होती आणि आप्पांना येत नव्हती. तीही त्यांनी घेतली.

मग ती पहिली चूक. ती माझी होती. घाईत एका जोडाला टाका घालायचा राहिला आणि ती दोरी आप्पांची खूण केलेल्या दोऱ्यांत गेली. पावसाळा सरता सरता मालक ती लावून पाण्यात उतरला, तर जोड निसटला आणि मालकाचा पतंग समुद्रात गेला. तो पोहत काठाला आला, त्याचं नशीब. फोनवर तो ओरडत होता आणि आप्पा शेजारीच बसले होते. फोन ठेवून मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "माझंच ऱ्हायलं असंल रं." तो जोड कुणाचा, हे मला पक्कं माहीत होतं. मी मूग गिळून बसलो. इथपर्यंत ह्याला भित्रेपणा म्हणता येईल, आणि भित्र्या माणसाला लोक माफ करतात. पण मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. आप्पांना स्वतःच्या हातांची शंका आलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. आणि मला — मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मनात उकळ्या फुटल्या.

पुढचं मी मुद्दाम केलं.

दुपारी जेवून आप्पा लवंडले की त्यांनी पुरा केलेला एखादा जोड मी घ्यायचो, ब्लेडच्या टोकानं टाका उसवायचो आणि धाग्याचे तुकडे खिशात टाकायचो. ते उठले की चहा पुढं ठेवायचा आणि अगदी हळू म्हणायचं, "आप्पा, ह्येला टाका न्हाय."

"घातलता की रं मी."

"असंल. पण न्हाय."

बघा, किती सभ्य बोलणं! आवाज चढवला नाही, चारचौघांत लाज काढली नाही. त्यांच्यादेखत मीच टाका घालून द्यायचो आणि वर त्यांच्या पाठीवर हात ठेवायचो. रोज नाही हं — रोज केलं असतं तर संशय आला असता. अधूनमधून, ते जरा सावरले की. एवढी अक्कल दुसऱ्या कुठल्या कामात चालवली असती तर आज माझं भलं झालं असतं.

सुरुवातीला ते भांडायचे. मग टाका घातला की आईला हाक मारून दाखवायला लागले. आता आली का पंचाईत? मी आईला बाजूला घेऊन म्हणालो, "आई, त्यास्नी कळंना झालंय गं. तुला एक जोड दावत्यात आणि माझ्याकडं दुसराच देत्यात." आईनं पदर तोंडाला लावला. त्यानंतर ते हाक मारायचे तेव्हा ती न बघताच "व्हय, व्हय" म्हणायची, आणि तिचं ते "व्हय" ऐकून आप्पांनी हाक मारणं सोडलं. डॉक्टरकडंही मीच नेलं. डॉक्टरांनी डोळे बघितले, हात बघितले, चार प्रश्न विचारले आणि आमच्या सीमाभागातल्या कानडीत म्हणाले, "एनू इल्ला." काही झालेलं नाही. परतताना रिक्षात आप्पांचा चेहरा उजळला होता. लहान मुलासारखे बाहेर बघत होते. मी म्हणालो, "सुरवातीला डॉक्टरास्नी बी कळत न्हाय म्हणं, आप्पा." वाटेत खासबाग आली, गेली, घर आलं, तरी त्यांनी पुन्हा बाहेर बघितलं नाही.

यात मला काय मिळालं? काही नाही. केसानं गळा कापणारा निदान काहीतरी लुटतो. उलट आप्पांचा हात थांबल्यावर मालकाचं कामच कमी झालं, म्हणजे नुकसान माझंच. मी फक्त बघत होतो. गल्लीभर ज्याचा दरारा, तो ताठ माणूस दिवसेंदिवस लहान होत चाललेला — ते बघायला मला आवडत होतं. हेच ते. हे एक वाक्य सांगायला इतकी वळणं घेतली.

नंतर मी थांबलो. पश्चात्ताप झाला असं वाटलं का तुम्हाला? छे. गरजच उरली नव्हती. आता गॅस बंद केला का, दाराला कडी घातली का, आपण जेवलो का — सगळं ते दुसऱ्याला विचारतात. एकटे बाजारात जात नाहीत. गल्लीतून हाक आली तर "दुसऱ्याला बलवा" म्हणून आत जाऊन बसतात. निपाणीची आत्या आली होती, तेव्हा पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरानं माझ्या चुका पोटात घातल्या आक्का. भाईर कुणाला कळू दिलं न्हाय." आत्यानं माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. घास माझ्या घशात अडकला असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही अडकला. मी आणखी एक पोळी मागून घेतली.

आणि हे सगळं जुनं आहे, असंही समजू नका. गेल्या आठवड्यात मी घरी आलो, तर आप्पा दाराशीच उभे होते. जुन्या पोत्यातली एक दोरी त्यांनी कुणाला न सांगता जोडली होती. परीक्षेचा कागद दाखवावा तशी ती माझ्यापुढं धरली.

"दिप्या, बघ की जरा. ह्येला टाका हाय का?"

जोड सुरेख होता. टाके होते — सारख्या अंतरावर, घट्ट बसलेले. त्यांना कुणी हात लावलेला नव्हता, मीसुद्धा नाही. मला फक्त "व्हय" म्हणायचं होतं. त्यानं मागचं काही फिटलं नसतं, पण आप्पा त्या दिवशी ताठ मानेनं जेवले असते. मला हे सगळं कळत होतं. कळत असतानाच मी बोललो.

"न्हाय, आप्पा."

त्यांनी दोरी डोळ्यांजवळ नेली. मग त्या टाक्यांवरूनच अंगठा फिरवला, एकदा पुढं, एकदा मागं. अंगठा टाक्याला अडखळला. मी बघितलं.

"व्हय रं," आप्पा म्हणाले. "न्हाय की."