देवळातून परत आलेलं अत्तर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी निर्मळच्या माझ्या मामांचं नाव घेतो. आणि साऱ्या वसई तालुक्यात फ्रान्स देशाची मनापासून काळजी करणारा एकमेव माणूस कोण, असं विचारलं तरी उत्तर तेच. मामांनी फ्रान्स पाहिला नव्हता, फ्रेंचचा एक शब्द त्यांना येत नव्हता. पण तिकडे अवकाळी पाऊस झाल्याचं कुणी पेपरात वाचून दाखवलं की त्यांचा घास हातात राही. "जाईचा बहर गेला असेल रे त्यांचा," असं म्हणून ते ताटावरून उठत.

मामांची वाडी मोगऱ्याची आणि गुलछडीची. वडील गेल्यावर आई मला घेऊन या घरी आली, आणि माझी शाळा, पुढे कॉलेज, सगळं या फुलांवर झालं. देवाला वाहायच्या फुलाचा आधी आपण वास घेऊ नये, हे आपल्याकडे सगळेच पाळतात. मामा मात्र ते असं पाळत की पाहणाऱ्याला हसू यावं. मुंबईला जाणाऱ्या पाटीतलं कोणतं फूल कुणाच्या देवघरात जाईल याचा काय नेम? म्हणून पहाटे फुलं खुडताना ते नाकावर पंचा बांधत.

"काय हो, दरोड्याला निघालात?" शेजारी कुंपणावरून विचारत.

"अहो, मुंबईचं गिऱ्हाईक इथे बघायला येतंय का?" मामी म्हणे.

"येत नाही म्हणूनच बांधायचा," मामा पंच्यातून उत्तर देत.

जन्मभर सुवासात उभा राहिलेला हा माणूस असा उपाशी होता. त्याची भूक भागे ती संध्याकाळी, रिकाम्या बाटल्यांवर. मुंबईत एका म्हाताऱ्या पारशी बाईंकडे ते फुलदाणीसाठी गुलछडी देत. बाईंना फ्रेंच अत्तरांचा शौक. संपलेल्या बाटल्या त्या मामांना देत आणि प्रत्येकीची हकिकतही सांगत. त्या बाटल्या मामांनी मामीच्या भांड्यांच्या फळीवर मांडल्या होत्या. एकीच्या बुचावर काचेची दोन पाखरं चोचीला चोच लावून बसलेली, एक कासवासारखी बसकी, एक पदर सावरणाऱ्या बाईसारखी. दिवेलागणीनंतर मामा एकच बाटली उतरवत, बूच काढून डोळे मिटत आणि मग ओटीवर जो कुणी सापडेल त्याला इतिहास ऐकवत. पूर्वी तिकडे अत्तरसुद्धा औषधासारखं साध्या बाटलीत विकत. मग एका अत्तरवाल्याने दागिने घडवणाऱ्या कारागिराला गाठलं आणि म्हणाला, आता माझ्यासाठी काच घडव. "तेव्हापासून लोक आधी बाटलीवर भुलायला लागले. आपण नाही का आधी मखर बघत?" लढाई संपल्यावर अमेरिकन शिपायांनी पॅरिसात अत्तरासाठी रांगा लावल्या, हे तर ते रेशनच्या रांगेत उभे राहून सांगत. पुढचा माणूस वैतागून म्हणायचा, "मामा, सरका पुढे, रॉकेल संपेल!"

तिकडे काचेवर चरबीचा थर देऊन त्यावर फुलं अंथरतात आणि चरबी सगळा वास पिऊन घेते, हे कळल्यावर मामांनी सासऱ्यांच्या तसबिरीची काच काढली, तिच्यावर घरचं तूप थापलं आणि झाडाखाली पडलेला, म्हणजे देवाला न चालणारा, मोगरा पसरला. आठ दिवस आमच्या भाताला मोगऱ्याचा वास होता.

"माझ्या बापाला उघडा पाडलात," मामी म्हणाली, "आता कोलंबीच्या कालवणाला गुलाब नको म्हणजे झालं."

पुढे पारशी बाई मुलाकडे विलायतेला गेल्या. जाताना त्यांनी मामांना एक भरलेली बाटली दिली. आत मधासारखं पिवळं अत्तर, मानेला रेशमी दोरा, त्यावर शिक्का. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नुसता मागे राहिलेला वास नव्हे, अख्खं अत्तर हाती आलं होतं. आणि मामांनी काय करावं? अंघोळ करून, सोवळं नेसून ती बाटली थेट देवळात नेली. आधी देवाला!

गुरवकाकांनी ती उजेडात धरली. "यात स्पिरिट असतं, मामा."

"थेंबभर असेल."

"थेंबभर का होईना, दारूच ती. सरकारने दारूबंदी आणलीय आणि तुम्ही देवाला पाजायला निघालात?"

मामा बाटली घेऊन परत आले. देवाने घेतली नाही, आणि देवाला दाखवलेल्या वस्तूचा वास स्वतः घेणं त्यांना जमेना. बाटली फळीवर गेली, ती तशीच राहिली. दोरा पक्का, शिक्का शाबूत, तरी दर उन्हाळ्यात अत्तर थोडं खाली उतरे. मामांना ते दिसत होतं. एकदा मी त्यांना बाटली नाकापर्यंत नेताना पाहिलं. तिथेच हात थांबला, आणि त्यांनी ती हळूच जागेवर ठेवली.

"उघडा हो आता," मामी म्हणाली. "हवाच प्यायला लागलीय ते अत्तर."

"पिऊ दे. तिला कोणी अडवलं नाही."

मी बी.ए. झालो, नाशिकला शाळेत नोकरी लागली. निघताना मामांनी ती बाटली धोतराच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. "देवाला चालत नाही, मला चालत नाही. तू शिकलेला, तुला चालेल." एवढं बोलून ते वाडीत गेले, आणि मी दिसेनासा होईपर्यंत बाहेर आले नाहीत. अत्तर तेव्हा निम्म्याच्या खाली आलं होतं.

नाशिकच्या खोलीत बाटली माझ्यासमोर चार दिवस होती. पाचव्या दिवशी मी ती माझ्याकडे आलेल्या आईबरोबर निर्मळला परत पाठवली, सोबत हे पत्र.

तीर्थरूप मामांस,
शिरसाष्टांग नमस्कार. बाटली परत पाठवत आहे, रागावू नका. देवाने ती घेतली नाही, तुम्ही मला दिलीत, म्हणजे ती आता माझी झाली. आपली वस्तू कोणाला वाहायची हे ज्याने त्याने ठरवायचं. मी ती तुम्हाला वाहत आहे. शिक्का तुम्हीच तोडा, मामींना जवळ बसवा, आणि उशीर करू नका, फार थोडं उरलं आहे. मनात काही किंतु आणू नका. मी वास घेतलेला नाही.

आपला,
भाचा