पाणी आलं का सुटंल

रेवसच्या धक्क्यावर लाँचची तिकिटं देणारा माणूस कुणालाच वेळ सांगत नाही. विचारलं की तो चष्मा कपाळावर सरकवतो, खाडीकडे बघतो आणि म्हणतो, "पाणी आलं का सुटंल." दिवसातून शंभरदा तरी म्हणत असेल. आवाज दमलेला, पण चिडका कधीच नाही.

मी ब्लॉग सुरू केला तेव्हा पहिला लेख रेवस ते मुंबई या लाँचच्या प्रवासावर लिहिला आणि त्यात लाँचच्या वेळा ठोकून दिल्या. ओहोटीला इथे नुसता चिखल उरतो, लाँच धक्क्याला लागत नाही, हे इतकी वर्षं ये-जा करूनही लिहायचं सुचलं नाही. तिकीटवाल्याला मी हौसेनं तो लेख मोबाइलवर दाखवला होता. त्यानं फक्त आपल्या खिडकीचा फोटो पाहिला.

गेल्या रविवारी मुंबईला परतणारं एक कुटुंब त्या खिडकीशी भांडत होतं. म्हातारी आई उन्हात पायरीवर बसली होती. मुलगा मोबाइल नाचवत ओरडला, "इथे वेळ दिलीय ना! कोण हा लिहिणारा?"

लेख माझा होता, आणि मी त्याच्या मागेच उभा होतो.

चष्मा वर गेला. तिकीटवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, मग खाडीकडे. म्हणाला, "नवीन हाय तो, शिकंल. आजींना आत आणा, खुर्ची हाय."

खुर्ची एकच होती, त्याची. पुढचे दोन तास तो उभ्यानंच सगळ्यांना तेच उत्तर देत राहिला. मी लेख तिथंच दुरुस्त केला. त्या मुलाशी बोलायला मात्र तोंड उघडलं नाही.