मुंबई–बंगळूर, पावणेदोन तास

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. सकाळी मुलुंडच्या घरी लाडवांसाठी डिंक तळत होते. मुलीच्या बाळंतपणाला अजून अवकाश होता, माझं बंगळूरचं तिकीट पुढच्या आठवड्याचं. तेवढ्यात जावयाचा फोन आला. तिला रक्तस्राव सुरू झाला होता, दवाखान्यात नेलं होतं. गॅस बंद केला, मिळालं त्या विमानाचं तिकीट काढलं, देवापुढचा नारळ पिशवीत घातला आणि निघाले.

विमान पावणेदोन तासांचं. मी तेवढंच धरून चालले होते. पवईला रिक्षा अडकली तेव्हा कळलं, या पावणेदोन तासांना अलीकडे-पलीकडे केवढी शेपटं आहेत. फोन लावला की जावई एकच म्हणे, "आई, आत नेलंय तिला."

माझ्या वेळी आई गावाहून रात्रभर एसटीने आली होती. निघताना गावदेवी सातेरीला गाऱ्हाणं घालून, म्हणजे आपलं संकट मोठ्याने सांगून, नारळ घेतला होता. लेक दिसेपर्यंत तो जमिनीला टेकवायचा नाही ही आमच्याकडची रीत. दवाखान्यात आली ती तो पोटाशी धरूनच, लुगड्याला डिझेलचा वास, केसांत लाल धूळ. "घाबरलंस नाय?" मी विचारलं. म्हणाली, "माझ्या घाबरण्यान एसटी जोरात पळतली काय?" ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तिच्यासारखं निवांत बसणं मला कधी जमलंच नाही. मी रिक्षावाल्याला मागून हाकत राहिले.

विमानतळावर तपासणीत नारळ अडवला. सामान दिलेलं, परत फिरायला वेळ नाही. मी स्वतःशीच मालवणीत काहीतरी पुटपुटले. तपासणारी बाई तिशीची, गणवेशातली. तिने मान वर केली.

"काकी, ह्यो आत जावचो नाय. कोणासाठी होतो?"

मी सांगितलं. तिने नारळ दोन्ही हातांत घेतला. "जमनीर ठेवूचो नसता, माका म्हायत आसा. टेबलार ऱ्हवतलो. तुमी हयच गाऱ्हाणा घाला."

"माका येना नाय गे."

"येना नाय काय? तुमच्या आयेन घातलेला ऐकलात मां? बेगीन घाला, मागे लाईन लागली."

मागचा सुटातला माणूस घड्याळ बघत होता. मी हात जोडले आणि म्हणाले, बाय सातेरी, माझी पोर तिकडे आहे, मी इकडे आहे, मधलं अंतर आता तुझं.

"व्हय म्हाराजा," गाऱ्हाण्याला देतात तसा होकार देत ती बाई म्हणाली आणि पुढचा ट्रे ओढला.

विमानात फोन बंद. खाली ढग, करण्यासारखं काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीही न करता बसले, आणि आश्चर्य म्हणजे रडू आलं नाही. आई एसटीत अशीच बसली असेल.

उतरल्यावर जावयाचा निरोप वाचला. ऑपरेशन करावं लागलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. हे कोणामुळे, असं मी कोणाला विचारलं नाही. डॉक्टरांचे हात होते, हे मला कळतं. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं; रोज दिवा लावताना तिच्यासाठीही हात जोडते. आपण धावतो तेवढंच आपल्याकडे असतं, पोचवणारी वेगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई बाळाला अवघडून धरून उभा होता. मी त्याला शिकवायला गेले नाही. लेकीच्या उशाशी बसले आणि तिच्या केसांतला गुंता हळूहळू सोडवून दोन वेण्या घातल्या.